उधारीचे दिवस

लोणार तालुक्यातील बीबी या आमच्या गावी वडिलांचे बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे दुकान आहे. मृगाच्या सुमारास माल उचलावा आणि सोयाबीन विकल्यावर, कित्येकदा तर तूर निघाल्यावर, पैसे द्यावेत असा जो रिवाज या भागात रूढ आहे, त्यावरच त्याचा सारा व्यवहार चालतो. वर्षअखेर हिशेबात नफा दिसावा आणि तरीही पुढल्या हंगामाच्या मालासाठी कर्ज काढावे लागावे, हे कोडे मी लहानपणापासून पाहत होतो. व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेण्याची माझी उत्कट इच्छा होती. पण तिचे शुल्क आमच्या ऐपतीबाहेरचे ठरले, आणि २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलो तो गल्ल्यावरच बसलो.

रात्री दुकान बंद झाल्यावर मी भ्रमणध्वनीवर शिकू लागलो. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य आहेत, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. मला प्रमाणपत्राची निकड नव्हती. मुंबई आयआयटीच्या वरदराज बापट यांची लेखाशास्त्रावरील व्याख्याने मी थांबवून थांबवून ऐकली, आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातील अश्वथ दामोदरन यांनी सर्वांसाठी खुले ठेवलेले वित्तविषयक वर्गही. इंग्रजीचा अडथळा मोठा होता. तो दूर झाला तो वहीत वडिलांचेच शब्द लिहू लागल्यावर : जमा, नावे, कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा. ज्या द्विनोंदी पद्धतीचे विवरण लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिसला छापले, तिच्यासाठी लागणारी बहुतेक परिभाषा आमच्या घरात बोलली जात होती, हे उमगले तेव्हा मला विलक्षण धीर आला.

खेळत्या भांडवलाच्या प्रकरणापाशी मात्र मी फार दिवस थांबलो. नफा आणि रोकड या भिन्न गोष्टी असून त्यांच्यामध्ये काळ उभा असतो, एवढेच त्याचे सार. परंतु ते कळल्यावर मी वडिलांची लाल खतावणी उघडली, प्रत्येक खात्यावरील माल दिल्याची व पैसे आल्याची तारीख उतरवून घेतली, आणि सरासरी काढली. ती १६२ दिवस निघाली. १३५० रुपयांची डीएपीची गोणी इतके दिवस उधार राहिली, तर आमच्या कर्जाच्या दरसाल दरशेकडा १२ या दराने तिच्यावर सुमारे ७२ रुपये व्याज चढते. गोणीमागे आमची कमाई त्याहून बरीच कमी होती. ज्या खतामुळे दुकान गजबजलेले दिसे, तेच खत आम्ही पदरमोड करून विकत होतो.

वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “तारखा तं मीच लिवल्या होत्या. कधी मोजल्या नाहीत.”

उधारी बंद करावी असे मात्र मला वाटले नाही, वडिलांना तर मुळीच नाही. पेरणीच्या वेळी ज्याच्या हाती दमडी नाही, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे हा व्यवहार नव्हे, अशी आमची दोघांचीही धारणा आहे, आणि ती बदलावी असे कोणत्याही व्याख्यानाने मला पटवलेले नाही. आम्ही खत रोखीने आणि बियाणे व औषधे उधारीने अशी विभागणी केली; सोयाबीन विकताच पैसे देणाऱ्यास औषधांच्या दरात सूट ठेवली; आणि ज्याचे पीक परतीच्या पावसात गेले, त्याचे खाते तुरीपर्यंत विनातक्रार पुढे ओढले. पहिल्या वर्षी काही जुनी गिऱ्हाइके दुरावली, त्यांतील काही परतली.

आता सरासरी ११८ दिवसांवर आली आहे. खतावणीत वडिलांनी स्वहस्ते एक नवा रकाना आखला असून त्याच्या माथ्यावर ‘दिवस’ असे लिहिले आहे. आणि यंदा मृगापूर्वीचे बियाणे आम्ही कर्ज न काढता भरले.