पड जमिनीचा जमाखर्च

कसायचे थांबलेल्या शेताला आपल्या भागात मराठीत 'पड' म्हणतात आणि कन्नडमध्ये 'बीळु'. 'बीळु' म्हणजेही पडणेच! दोन्ही भाषांतील शेतकऱ्यांना एकच शब्द सुचावा, याचे मला नेहमी नवल वाटते. पण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, भाषाशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तेव्हा जमीन पड कशी पडते, याचा जमाखर्च मांडावा म्हणतो.

आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला. पाऊस भरपूर, खाचरे पायऱ्यापायऱ्यांची, मुख्य पीक भात. माळावर नाचणा आणि रताळी. चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरला की गोवा. गावातील तरुण तिकडे हॉटेलांत, कारखान्यांत, बांधकामांवर जातात. काही पुण्या-मुंबईची वाट धरतात. माझा थोरला भाऊ पाच वर्षांपूर्वी गोव्यात गेला. त्याच्या पगारातून घर दुरुस्त झाले, आईचे औषधपाणी झाले, आणि माझी फी आजही तोच भरतो. गाव सोडणाऱ्यांना नावे ठेवणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. जमेची बाजू खरी आहे, आणि मोठी आहे.

आता खर्चाची बाजू पाहू. भाताच्या लावणीला थोड्या दिवसांत पुष्कळ हात एकदम लागतात. त्यासाठी पैरा असे. आज आमच्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात आम्ही. पैशाचा व्यवहार नाही. या पैऱ्यातून एक घर कमी झाले की उरलेल्यांचा फेरा लांबतो आणि रोपे पिवळी पडू लागतात. दादा गोव्याहून पैसे पाठवू शकतो, पैरा पाठवू शकत नाही. मजूर लावावेत, तर मजुरीचा आणि भाताच्या भावाचा मेळ बसत नाही.

मग घरात हात किती, यावरून पीक ठरते. पाणी असेल तिथे ऊस येतो. तोडणीला कारखान्याची टोळी येते आणि खोडवा राखला की दरवर्षी नवी लागण नको. या टोळ्यांतील पुष्कळजण बीडसारख्या जिल्ह्यांतून, आपली कोरडवाहू शेते मागे ठेवून आलेले असतात, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. पाणी नसेल तिथे काजू किंवा निलगिरी लागते. तेवढेही जमले नाही, तर पड.

यंत्र वापराने झिजते. त्याला आपण घसारा म्हणतो. खाचराचे उलट आहे. ते न वापरल्याने झिजते. खेकडे बांध पोखरतात, तो वेळीच लिंपला नाही तर फुटतो आणि माती पाण्याबरोबर खालच्या खाचरात जाते. झुडपे माजतात, त्यांत रानडुकरांना आसरा मिळतो आणि नासधूस शेजाऱ्याच्या पिकाची होते. म्हणजे घसारा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा! असे खाते आमच्या पुस्तकात नाही.

कोणी म्हणेल, दुसऱ्याला कसायला द्यावे. इथे एक जुनी धास्ती आड येते. कर्नाटकात १९७४ मध्ये कूळकायद्याची मोठी दुरुस्ती अमलात आली आणि कसणारी कुळे मालक झाली. माझे आजोबा त्यांतलेच एक. आज आमच्या शेजारच्या काकू आमचे खालचे खाचर वाट्याने करायला तयार आहेत. त्यावर बाबा म्हणतात, "आपल्याला जशी मिळाली, तशीच आपली गेली तर?" त्याच दुरुस्तीने नव्याने कुळाला जमीन देण्यावरही बंदी घातली होती. त्यामुळे वाट्याचा व्यवहार तोंडीच राहतो, आणि मालक व कसणारा दोघेही भितात. जमीन मुदतीने कसायला देता यावी आणि मालकी अबाधित राहावी, असा आदर्श कायद्याचा मसुदा नीती आयोगाने २०१६ मध्ये मांडला होता. असा लेखी करार काकूंशी करता आला, तर आमचे खाचर वाचेल. शिवाय कसणाऱ्याच्या हाती कागद असल्याखेरीज पीककर्ज आणि नुकसानभरपाई त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण.

दादाचे मत निलगिरी लावावी. त्याचेही चुकत नाही; सुटी काढून लावणीला येण्यात त्याचा पगार बुडतो. बाबांचे गुडघे आता चिखलात टिकत नाहीत. पुढच्या वर्षी मी पदवीधर होईन आणि बहुधा नोकरीसाठी मलाही घाट उतरावा लागेल. निलगिरी एकदा लावली की तिची खोडे काढून पुन्हा खाचर बांधणे आमच्याच्याने होणार नाही. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी दादा, बाबा आणि काकू यांना एकत्र बसवायचे मी ठरवले आहे.

या अंकाचे कितीतरी वाचक अशाच गावांतून एस.टी.ने कॉलेजला येतात. आपल्या घरची किती जमीन पड आहे आणि ती कोण कसू शकेल, एवढे तरी त्यांनी या सुटीत घरी विचारावे. आपण सारेच गावी राहू, असे मी म्हणत नाही. पण जाणाऱ्याने शेताची सोय लावून जावे.