घड्याळ आपलं, हिशेबही आपला

नागापूर एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांना भेटायला जातो, तेव्हा मनगटावर वडिलांचं जुनं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू असतं. त्यातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. मालक कोण, हे तो बघत नाही. संपलेला सेल आत ठेवायचा नाही, गळला तर पट्ट्या गंजतात. मागच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं की घाम आत शिरत नाही.

एवढी उठाठेव कशासाठी? १९४६ मध्ये मजूरमंत्री बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक मांडलं. जादा तासाला दुप्पट मजुरी, हा कायदा आहे. पण गेटवरचं पंचिंग मशीन मालकाचं! म्हणून मित्रांनो, येण्या-जाण्याची वेळ आपल्या घड्याळात बघून रोज वहीत लिहा. हक्क मागायला पुरावा लागतो.

जय भीम!