दोराचे टोक

भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर पाल्मा येथे हिवाळा सुरू झाला म्हणजे, उन्हाळाभर धनिकांना घेऊन हिंडलेल्या प्रचंड यॉट दुरुस्तीसाठी गोदीला येऊन लागतात, आणि उमेदीची वर्षे मालवाहू जहाजांवर काढून पुढे सुरक्षा-साधनांच्या तपासणीचे काम पत्करलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या दिवसांत उसंत अशी मिळत नाही. चोवीस मीटर वा त्याहून अधिक लांबीच्या आणि भाड्याने फिरणाऱ्या अशा नौकांकरिता ब्रिटनने १९९७ साली स्वतंत्र संहिता काढली; वेळोवेळी दुरुस्त होत आलेली तीच संहिता २०१९ पासून ‘रेड एन्साइन ग्रुप यॉट कोड’ या नावाने अमलात आहे. नौका बुडाल्यास माणसांना तारणाऱ्या, हवेने फुगणाऱ्या तराफ्यांविषयी तिचा मूळ दंडक असा की, एखादा तराफा हरवला अगर निकामी झाला तरी उरलेल्या तराफ्यांत नौकेवरील यच्चयावत माणसे मावली पाहिजेत.

तराफा दरवर्षी सर्व्हिसिंगला पाठवावा लागतो. अपरिहार्य अडचण असल्यास ही बारा महिन्यांची मुदत सतरा महिन्यांपर्यंत वाढवून देण्याची मुभा सरकारला आहे, आणि ती मुभा मागणाऱ्याचा अर्ज मी नेहमीच दोनदा वाचतो. कार्यशाळेत, तराफा घडी घालून ज्यात ठेवलेला असतो त्या डब्याचे दोन भाग अलग झाले की शंखजिऱ्याच्या भुकटीचा आणि रबराचा मिश्र वास पसरतो. घड्या उलगडून हवा भरतात, सांध्यासांध्यावरून साबणाचे पाणी फिरवून बुडबुडा येतो का ते पाहतात, वायूची नळकांडी तोलतात, आणि मग आतली शिदोरी पत्रकाप्रमाणे जमिनीवर मांडतात. लांबच्या सफरीच्या तराफ्यात माणशी दीड लिटर पाणी, दहा हजार किलोज्यूलचे खाद्य, अठ्ठेचाळीस तास पुरतील इतक्या ओकारीवरील गोळ्या, चार पॅराशूट रॉकेटे, सहा हातमशाली, आरसा, शिटी, पाणी उपसण्याचे भांडे, एवढेच काय, मासे धरण्याचा गळसुद्धा असतो. हे सारे ओळीने मांडलेले पाहताना, तीस दिवस खुल्या समुद्रात तग धरला पाहिजे अशी अट घालणाऱ्याने बुडत्या माणसाचा किती बारकाईने विचार केला असेल, या जाणिवेने माझे मन आजही भरून येते.

तथापि तराफ्याची खरी कसोटी कार्यशाळेत नव्हे, डेकवर लागते. त्याचा डबा ज्या पट्ट्याने बांधलेला असतो त्या पट्ट्यात मुठीएवढे एक यंत्र असते. नौका बुडू लागली की चार मीटर खोली गाठण्याच्या आत पाण्याच्या दाबाने त्यातील पाते सुटते, बंधन कापले जाते आणि डबा वर येतो. नौका खाली जात राहते, तराफ्यापासून तिला जोडलेला दोर ताणला जातो, त्या हिसक्याने तराफा फुगतो, आणि शेवटी दोर ज्या मुद्दाम कमजोर ठेवलेल्या दुव्यात अडकवलेला असतो तो दुवा तुटून तराफा मोकळा होतो. माणसाचा हात न लागता हे सर्व घडावे अशी ही योजना आहे. परंतु दोराचे टोक त्या दुव्याऐवजी थेट पोलादी कडीला बांधले, तर बुडणारी नौका तराफ्यालाही आपल्यासोबत तळाशी नेते.

एका शुभ्र, देखण्या नौकेवर मला नेमके हेच आढळले. डबा दृष्टीस पडू नये म्हणून डेकमध्ये खळगा करून त्यावर सागवानी झाकण स्क्रूंनी आवळले होते, वर ऊन खाण्याची जाड गादी होती, आणि दोर सुबक गाठ मारून कडीला बांधलेला होता. कप्तान सभ्य गृहस्थ. मालकांना तो डबा कुरूप वाटतो, असे त्यांनी सांगितले. झाकण उघडण्यास हाताखाली दिलेला वेंगुर्ल्याचा तरुण खलाशी स्क्रू फिरवता फिरवता मराठीत हळूच म्हणाला, “साहेब, रात्री बोट कलली तर हे स्क्रू काढणार कोण?”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर समुद्राने पूर्वीच देऊन ठेवले आहे. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीतील पोर्तिचेल्लोजवळ ‘बायेझियन’ ही ५६ मीटरची शिडाची यॉट वादळात काही मिनिटांत बुडाली. बावीसपैकी सात माणसे गेली, आणि वाचलेल्या पंधरांना समुद्रात तराफ्याने तारले. माझ्या पिढीच्या कोकणी माणसाला तर १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडालेल्या, सहाशेहून अधिक माणसांना घेऊन गेलेल्या ‘रामदास’ बोटीची हकिगत घरातच ऐकायला मिळाली आहे. अशा वेळी स्क्रू काढण्याइतकी सवड कोणालाच मिळत नसते.

मी शेरा लिहिला आणि दाखला रोखून धरला. मालकांच्या दफ्तरातून दोनचार नाराजीची पत्रे आली. त्यांना मी संहितेतील कलमे दाखवली. अखेर झाकण व गादी निघाली, डबा कठड्यालगत उघड्या चौकटीत आला, दोर दुव्यात अडकला, आणि त्याच दिवशी मी दाखल्यावर सही केली.

आपल्याकडील पुष्कळ मुले हल्ली यॉटवर नोकरीस जातात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, नौकेवर पाऊल ठेवल्याच्या पहिल्याच दिवशी तराफ्याजवळ जावे, त्या यंत्रावरील मुदतीचा महिना व साल वाचावे, दोराचे टोक कुठे अडकवले आहे ते स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहावे, आणि ते दुव्यात नसेल तर नोकरीची भीड न बाळगता कप्तानाला त्याच दिवशी सांगावे.