दोषांची वाटणी

साहित्याच्या वर्गात ‘निर्दोष कलाकृती’ हा शब्दप्रयोग आम्ही सर्रास करीत आलो. भिंगांच्या रचनेविषयी वाचू लागल्यापासून मात्र तो उच्चारताना जीभ थोडी अडखळते.

बिंदूची प्रतिमा बिंदूच उमटावी, ही भिंगाकडून असलेली अपेक्षा साधी आहे. गोलीय पृष्ठभागाची काच ती पुरी करीत नाही. जर्मन गणिती लुडविग झायडेल याने १८५०च्या दशकात या दोषांची पाच प्रकारांत मांडणी केली. एकाने प्रतिमेचा मध्यही धूसर होतो. दुसऱ्याने कडेच्या बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. तिसऱ्याने उभ्या व आडव्या रेषा एकाच वेळी रेखीव होत नाहीत. चौथ्याने मध्य स्पष्ट तर कडा पुसट राहते. पाचव्याने सरळ रेषा वाकतात. रंगांचे दोन दोष निराळेच.

१८९३ साली इंग्लंडमध्ये डेनिस टेलर याने अवघ्या तीन भिंगांचे संयोजन सिद्ध केले : दोन बहिर्वक्र, मध्ये एक अंतर्वक्र. सहा वक्रपृष्ठे आणि दोन अंतरे, अशा बदलण्याजोग्या गोष्टी आठ. सांभाळायच्याही आठच : पाच दोष, रंगांचे दोन आणि नाभीय अंतर. ही काटकसर पाहून आम्हांस साडेतीन चरणांची ओवी आठवली. तरीही दोष शून्य होत नाहीत. मागे उरणाऱ्या अधिक सूक्ष्म दोषांना तोलण्यासाठी मूळ दोष किंचित मुद्दाम राखावे लागतात.

आज हे काम संगणक करतो. प्रत्येक दोषाच्या वर्गाला एक भार देऊन तो बेरीज मांडतो आणि ती कमीत कमी होईपर्यंत वक्रता बदलत राहतो. पण भार रचनाकारच ठरवतो. नकाशांसाठीच्या हवाई छायाचित्रणात रेषा वाकलेली चालत नाही. व्यक्तिचित्रात कडा पुसट असली तरी चेहरा खुलतो. १८४०मधले व्हिएन्नाच्या पेट्झव्हालचे भिंग असेच होते.

मध्यंतरी आमच्यासमोर एक उत्तरपत्रिका आली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ओळीओळीला. पण कवितेतले मौन त्या मुलीने नेमके टिपले होते. ठरलेल्या तक्त्यानुसार बेरीज केली, ती उत्तीर्णतेच्या जेमतेम वर थांबली. बेरीज अचूक होती. शुद्धलेखनाला इतका आणि आकलनाला एवढाच भार कोणी, कोणत्या चित्रासाठी ठरवला, हे तक्त्यात कोठेच लिहिलेले नव्हते. विभागाच्या पुढील बैठकीत आम्ही एवढेच विचारणार आहोत.