परिषद जर्मनीत, परीक्षा मुंबईत

चि. भाचीस,


तुझं पोस्टर जर्मनीतल्या परिषदेत स्वीकारलं गेल्याचं ताईने कळवलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की तू व्हिसाच्या धास्तीने झोप घालवून बसली आहेस. धास्ती वाटावी असंच ते प्रकरण आहे. पण व्हिसा नाकारला म्हणजे आपलं काम कमी पडलं, ही तुझी समजूत मात्र आधी काढून टाक.

तुझ्याच विषयातलं उदाहरण घे. गोवर्धन मेहता म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्रातलं केवढं नाव! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक. २००६ च्या फेब्रुवारीत ते फ्लोरिडा विद्यापीठाच्या निमंत्रणावरून अमेरिकेला निघाले होते. चेन्नईच्या वकिलातीत त्यांच्यावर प्रश्नांची सरबत्ती झाली. त्यांचं ज्ञान रासायनिक अस्त्रांच्या कामी येऊ शकेल असा संशय घेतला गेला आणि व्हिसा अडला. त्या वेळी मेहता आयसीएसयू या जागतिक विज्ञान संघटनेचे अध्यक्ष होते. शास्त्रज्ञांना देशोदेशी मोकळेपणाने जाता-येता यावं, हा त्या संघटनेचा मूळ आग्रह. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला, अमेरिकेने खेद व्यक्त केला, व्हिसाही देऊ केला. मेहता गेले नाहीत. त्यांनी योग्य केलं, असंच मला वाटतं.

एड्स परिषदांचा इतिहास तर याहून बोलका आहे. एचआयव्हीबाधितांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती. १९९० च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेवर त्यामुळे अनेक संस्थांनी बहिष्कार टाकला आणि १९९२ ची परिषद बॉस्टनहून थेट अॅमस्टरडॅमला हलवली गेली. बंदी २०१० मध्ये उठली, मगच २०१२ साली परिषद वॉशिंग्टनला भरली. दहा वर्षांनी, मॉन्ट्रियलमध्ये, पुन्हा तेच दुखणं. ज्या आफ्रिकेत या रोगाने सर्वांत जास्त घरं उद्ध्वस्त केली, तिथल्याच कित्येक डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या प्रमुख विनी ब्यान्यिमा मूळच्या युगांडाच्या. त्यांनासुद्धा जिनिव्हाच्या विमानतळावर जवळजवळ अडवलंच होतं.

त्याच मॉन्ट्रियलमध्ये २०१८ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या परिषदेला येणारे बरेच आफ्रिकी संशोधक असेच घरी राहिले. या क्षेत्रातल्या लोकांनी मात्र नुसती हळहळ केली नाही. आयसीएलआर ही त्यांची दुसरी महत्त्वाची परिषद २०२० मध्ये अदिस अबाबाला घ्यायचं ठरलं. करोनामुळे ती ऑनलाइन झाली, पण २०२३ साली ती रवांडाच्या किगालीत खरोखरच भरली. माणसांना येता येत नसेल तर परिषदेने जावं, हा उपाय मला सगळ्यांत पटतो. उद्या तू कुठल्या आयोजन समितीवर बसशील तेव्हा हे लक्षात ठेव.

आणि दोष फक्त परक्यांचा नाही. २०१८ च्या जुलैत दिल्लीत आशिया-अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा पाकिस्तानी अभ्यासकांना आपल्याच सरकारने व्हिसा दिला नव्हता.

आता तुझ्या अर्जाविषयी. शेंगेन व्हिसा नाकारताना ठरावीक छापील फॉर्म देतात. त्यात कारणापुढे खूण केलेली असते. तुझ्यासारख्यांच्या वाट्याला बहुधा दोन कारणं येतात: प्रवासाचा हेतू नीट सिद्ध झाला नाही, किंवा मुदतीत परत जाण्याविषयी शंका आहे. तुझं संशोधन तिथे कुणी तपासत नाही. अधिकाऱ्याला कागदावर दिसते ती एक तरुण, अविवाहित, नावावर घर नसलेली मुलगी. तेव्हा परत येण्याची कारणंही कागदावरच दिसली पाहिजेत. पीएचडीच्या नोंदणीचं पत्र, फेलोशिपचं पत्र, विद्यापीठाचं ना-हरकत पत्र आणि प्रबंध कधी सादर होणार हे सांगणारं गाइडचं पत्र, हा तुझा खरा आधार. आयोजकांच्या निमंत्रणपत्रात तुझं नाव पासपोर्टवर आहे तसंच असू दे, पोस्टरचं शीर्षक असू दे आणि खर्च कोण करणार हेही असू दे.

भाऊजी तुझ्या खात्यात एकदम दोन लाख टाकायचं म्हणताहेत, ते टाकू देऊ नकोस. आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम पाहून शंकाच वाढते. त्यापेक्षा खर्च आपण उचलतो असं पत्र त्यांनी द्यावं, सोबत स्वतःचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र जोडावं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. फी एरवी ९० युरो, नकार आला तरी ती परत मिळत नाही. तिकीट मात्र आताच पक्कं काढू नकोस, नुसतं आरक्षण ठेव.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाची मुदत एरवी १५ दिवसांची, पण ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते, आणि अर्ज देण्यासाठी अपॉइंटमेंट मिळवायलाच उन्हाळ्यात दमछाक होते. अर्ज घेणाऱ्या केंद्रातली माणसं फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात, निर्णय मुंबईतल्या वकिलातीचा. त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही.

आणि नकार आलाच तर तो पुढच्या अर्जात लपवू नकोस. शेंगेन देशांच्या सामाईक नोंदीत तो पाच वर्षं राहतो. कारण वाच, उणीव भरून काढ आणि नव्याने अर्ज कर. आयोजकांनाही लगेच कळव: नोंदणीची फी परत मिळेल का आणि पोस्टर ऑनलाइन मांडता येईल का, हे आताच विचारून ठेवलेलं बरं.

ना-हरकत पत्राला विद्यापीठात चार टेबलं फिरावं लागेल. उद्या सकाळीच अर्ज दे.

तुझी,
मावशी