साल

मराठीत 'साल' हा एकच उच्चार दोन निराळ्या शब्दांच्या वाट्याला आला आहे. एक साल फारसीतून आले. ते वर्षाचे, सालगड्याच्या कराराचे. दुसरी साल फळावरची. कोशात या दोघांचे नाते नाही. बोर्दोच्या तांबड्या मद्यात मात्र ते आहे. काळ्या द्राक्षाचा गर पिळला तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग येतो तो सालीतून, आणि तुरटपणा साल व बियांतून. उन्हाळा कोरडा गेला की मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने साल अधिक पडते. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की मणी पाण्याने फुगतात आणि रस पातळ होतो. वर्षाचा ताप, ओल, उशिरा पडलेली थंडी हे सारे असे सालीच्या वाटेने बाटलीत उतरते. फ्रेंच लोक बाटलीवरच्या त्या वर्षाला 'मिलेझिम' म्हणतात आणि त्यात थोर आणि छोटे असा भेद करतात. छोटे साल म्हणजे वाईट साल. पण वाईट म्हणणे त्यांना जिवावर येते.

2014 च्या सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातील काही द्राक्षबागाईतदारांचा दुभाषी म्हणून मी मेदोकमध्ये गेलो होतो. जिरोंदच्या खाडीच्या डाव्या तीरावरचा हा गोटेमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीचा पट्टा. काबेर्ने सोव्हिन्यों ही जाड सालीची, उशिरा पिकणारी जात इथे रमली, ती या जमिनीमुळे. यजमानांनी एकाच मळ्याच्या तीन सालांच्या बाटल्या काढल्या : 1990, 1991 आणि 2003. जमीन तीच आणि घराणेही तेच. बदलले होते ते फक्त आभाळ.

1990 ची बाटली त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात हलक्या हाताने नितळली. तळाशी गडद साका राहिला. हा साका म्हणजे तरुणपणीचा तुरटपणाच. त्याचे कण वर्षानुवर्षे एकमेकांना बिलगतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वर उरते ते मऊ होत जाते. आपल्याकडे षड्रसांत कषायाला स्थान आहे. आजचे शास्त्र त्याला चव न मानता तोंडातला स्पर्श मानते. त्या पेल्यापुरते मला दोन्ही पक्ष खरे वाटले. कडेला विटकरी झाक आलेल्या त्या मद्यात देवदाराचा, तंबाखूच्या कोरड्या पानाचा वास होता आणि घोट गिळल्यावरही तो बराच वेळ रेंगाळत होता. 1990 चा उन्हाळा ऊबदार होता, पीकही भरघोस आले होते. अशा सालाचे कौतुक करायला फार बुद्धी लागत नाही.

2003 चे मद्य अजून काळसर, जाड. मुरंब्यासारखे शिजलेल्या फळाच्या वासाचे. यजमान म्हणाले, आमच्या उत्तर मेदोकमध्ये हे थोर साल. खाली खडूसारखी ओल धरणारी चिकणमाती होती, म्हणून वेली तगल्या. मी 'थोर साल' असा अनुवाद केला आणि शब्द तोंडातून निघतानाच तो मला बोचला. त्या ऑगस्टच्या उष्म्याच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसे मेली. त्यांत बहुसंख्य वृद्ध, कित्येक शहरातल्या घरांत एकटी. मद्याचे पंचांग माणसांचे पंचांग नव्हे, हे मान्य. पण जो उन्हाळा त्यांना मारून गेला, तोच त्या पेल्यात होता. आणि तो चवीला चांगला होता. याचे काय करावे, ते मला आजही कळलेले नाही.

राहिले 1991. 21 एप्रिलच्या पहाटे कडाक्याचे हिम पडले आणि नुकते फुटलेले कोंब करपले. मग मागाहून दुसरी फूट आली. तिची द्राक्षे उशिरा आणि असमान पिकली. काढणीच्या सुमारास पाऊसही झाला. पेल्यातले मद्य फिकट, अंगाने सडपातळ, ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास असलेले. तज्ज्ञांच्या तक्त्यांत, जिथे प्रत्येक सालाला शाळेतल्यासारखे गुण दिलेले असतात, तिथे ते मागच्या बाकावर बसते. आमच्यातले बहुतेकजण एक घोट घेऊन 1990 कडे परतले. निफाड तालुक्यातले एक गृहस्थ मात्र तोच पेला धरून बसले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने त्यांचा काढणीला आलेला माल एका दुपारी भुईला मिळवला होता.

"सर, त्यांना विचारा, त्या वर्षी कर्ज कसं फेडलं?"

मी विचारले. यजमान थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या पहाटे वडिलांनी ओळींमध्ये पेंढा जाळला होता, धुराने काही वाचेल म्हणून. फारसे वाचले नाही. बँकेने मुदत वाढवून दिली. वडील ही बाटली कधी पाहुण्यांपुढे ठेवत नसत, घरी जेवताना उघडत. निफाडच्या गृहस्थांनी मान हलवली आणि पेला सावकाश संपवला. "हे करून दाखवलेलं आहे," ते म्हणाले, "ते दुसरं आपोआप झालेलं आहे." रसिकतेच्या ग्रंथांतून ही कसोटी मी वाचलेली नाही. ती पूर्ण न्याय्य आहे असेही नाही, कारण 1990 मध्येही कोणी तरी पहाटे उठून छाटणी केलीच होती. तरी तक्त्यांपेक्षा मला ती अधिक जवळची वाटते.

छोटी साले आता संपली, असे मध्यंतरी अनेकजण म्हणू लागले होते. उन्हाळे तापत गेले, काढणी अलीकडे सरकली, पूर्वी साडेबारा टक्क्यांच्या आसपास असणारा मद्यार्क चौदापर्यंत चढला. 2021 मध्ये तर साध्या बोर्दो मद्यांसाठी पोर्तुगालच्या तूरिगा नासिओनालसारख्या उष्णता सोसणाऱ्या जातींना मर्यादित प्रमाणात अधिकृत परवानगी मिळाली. 2022 च्या जुलैत जिरोंदमधली पाइनची जंगले पेटली. सगळीच साले थोर झाली तर थोर म्हणायचे कशाला, हा प्रश्न तिथले लोक हसत विचारतात. हसू फार टिकत नाही.

मात्र 2021 च्या मार्चअखेरच्या उबेने कोंब लवकर फुटले आणि एप्रिलच्या हिमाने ते गाठले. पुढे ओला उन्हाळा, भुरीची भावंडे असलेले रोग, तेरा टक्क्यांच्या आतबाहेरचा मद्यार्क. गेल्या वर्षी त्या सालाच्या दोन बाटल्या मला मिळाल्या. एक उघडली. रंग पातळ, तुरटपणा अजून कोवळा, आणि मागून तोच ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास. दुसरी आडवी करून ठेवली आहे.