अक्कांची जोडवी



दशलक्षण पर्व जवळ आलं, म्हणून गेल्या वर्षीची माझी एक चूक सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. पर्वात त्या रोज एकभुक्त होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, जोडवी रुतायला लागलीत." मी म्हटलं, "तासन्‌तास स्वाध्यायाला बसता, पाय सुजणारच." साबण लावून जोडवी काढली आणि विषय संपवला.

रात्री त्या दोन-तीनदा उठून बसायच्या, हातात जपमाळ. घरात सगळ्यांना कौतुक, अक्का रात्रीसुद्धा णमोकार जपतात! आडवं झालं की दम लागायचा म्हणून त्या बसत होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही व्रत मोडायला लावू, ही भीती.

सातव्या दिवशी सहज त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. पर्वाआधीपेक्षा तीन किलो जास्त! मी कॉमर्सवाली. खाणं निम्मं आणि वजन वाढलेलं, हा हिशेब जुळेना. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. लगेच दवाखाना गाठला. हृदय अशक्त झाल्यामुळे पायांत आणि फुप्फुसांत पाणी साठलं होतं. चार दिवस ठेवून घेतलं.

पाय सुजले म्हणजे हृदयच बिघडलं, असं नाही. मूत्रपिंड, यकृत, रक्तदाबाच्या काही गोळ्या, अशी कारणंही असतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपण फक्त बघायचं. जोडवी किंवा चप्पल घट्ट होते का? दाबल्यावर खळगा राहतो का? उशा वाढवाव्या लागतात का? दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर डॉक्टरांना कळवा. बसल्याजागी दम लागला, किंवा एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर सकाळची वाट बघू नका. लघवी होण्याची गोळी उपवासासाठी परस्पर बंद करू नका, वाढवूही नका. व्रत घेण्याआधीच विचारा.

आणि मीठ! चातुर्मासात हिरवी भाजी सुटते, तसं ताटात पापड-लोणचं वाढतं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं.

आता अक्का रोज सकाळी काही खाण्याआधी काट्यावर उभ्या राहतात, मी वहीत आकडा लिहिते. यंदा एकभुक्त नाही म्हटल्यावर दोन दिवस रुसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पापड-लोणचं सोडते. रसपरित्याग हेही तपच की!" डॉक्टरांनी तेच पथ्य सांगितलं होतं. मी काही बोलले नाही, बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

जय जिनेंद्र.